मूळ गाव

जूनमध्ये शाळा उघडली की पहिला आठवडा आम्ही शिकवत नाही, कागद भरतो. कोणत्याही शिक्षकाला विचारून पाहा. आमच्या शाळेची एक छापील माहितीपत्रिका आहे. मुलाचे नाव, आईचे नाव, रक्तगट, मातृभाषा आणि सर्वांत खाली ‘मूळ गाव’. हा शेवटचा रकाना कशासाठी आहे, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्हाला कोणी सांगितलेले नाही. तरी दरवर्षी तो भरून घेतो. पाचवीची मुले घरून विचारून येतात. कोणी रोहा लिहितो, कोणी जुन्नर, कोणी गुलबर्गा, कोणी आजमगढ. रेल्वे, हॉटेल, चिक्की, बांधकाम अशा पोटापाण्याच्या वाटांनी लोणावळ्यात आणि एकूणच मावळात इतक्या ठिकाणची माणसे आली आहेत, की एका वर्गाच्या पत्रिका गोळा केल्या तरी नकाशा तयार होईल.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाने तो रकाना कोरा ठेवला. शांत मुलगा, अक्षर सुंदर, अब्बांचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान. आम्ही विचारले, “अरे, मूळ गाव?” तो उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, आम्ही लोणावळ्याचेच. पण रिक्षात एक मुलगा म्हणतो, तुम्ही लोक बाहेरून आलात. मग मूळ गाव कोणतं लिहू?”

वर्ग गप्प झाला. दहा वर्षांच्या मुलांनाही कळते की कोणता प्रश्न साधा नाही. आणि आम्ही काय केले? “लोणावळा लिही आणि बस,” एवढे म्हणून पुढच्या मुलाची पत्रिका हातात घेतली. उत्तर चूक नव्हते. पण ते ज्या घाईने दिले, ती घाई त्या मुलाने पाहिली. खाली बसताना त्याने एकदा आमच्याकडे पाहिले, ते पाहणे आम्ही घरी घेऊन आलो.

(इथे एक खुलासा. ‘आम्ही, आम्ही’ हा थाट नाही. आमच्या घरात लहानपणी ‘मैं’ म्हटले की दादी कान पिळायची. ‘हम’ म्हणायचे. ती सवय मराठी लिहितानाही सुटली नाही, बीएडच्या सरांनी लाल शाईने खुणा करूनही.)

त्या संध्याकाळी असरच्या नमाजनंतर चहा घेताना आम्ही अम्मीला विचारले, “अम्मी, आपण मूळचे कुठले?” अम्मीचे वय ७२. तिने एक नाही, चार उत्तरे दिली. अब्बांचे थोरले चुलते सांगायचे, आपण अरब, घोड्यांच्या व्यापारात कोकणात उतरलो. धाकटे चुलते म्हणायचे, छे, आपण इराणी. फुफी म्हणायची, कसले अरब आणि कसले इराणी, आपले लोक रोह्याकडचे विणकर. आणि अब्बांच्या वडिलांना एवढेच ठाऊक होते, की त्यांचे आजोबा बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदायला आले आणि परत गेले नाहीत.

चौथी गोष्ट आम्हाला पटते. ती सर्वांत कमी रुबाबदार आहे, म्हणूनही असेल. बोरघाटातल्या रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. भरात असताना या कामावर चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. कॉलरा, ताप, कोसळणारे कडे, सुरुंग यांत किती गेले, त्याला गणती नाही. इंग्रज कंत्राटदार ट्रेडवेल इथे आला आणि काही दिवसांतच मरण पावला. मग काम त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, पुरे करून घेतले. खंडाळ्याच्या बोगद्यातून आम्ही शेकडो वेळा गेलो असू, पण तो काळा दगड आपल्या कोणाच्या तरी हाताने फुटला असेल, हे त्या संध्याकाळपर्यंत मनात आले नव्हते.

आता एक गोष्ट आपल्यातच बोलायची, म्हणून बोलतो. आपल्या घरांत अरब, तुर्क, इराणी पूर्वजांची हौस किती असते! निकाहाच्या बोलणीत तर वंशावळ थेट बगदादपर्यंत पोहोचते. बाहेरच्या कोणी मात्र “तुम्ही बाहेरून आलात” म्हटले, की आपल्याला लागते. लागायलाच हवे, कारण तो म्हणतो ते तोडण्यासाठी. पण त्या वाक्याला लागणारा मसाला थोडा आपणही घरीच कुटून ठेवला आहे. प्रत्यक्षात भारतीय मुसलमानांच्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा बहुतेकांचे नाते ज्या त्या भागातल्या शेजाऱ्यांशीच जुळले. पश्चिम आशियाचा अंश काही ठिकाणी निघतो, पण थोडा. म्हणजे आमची फुफी खरी.

तरीही अरब इथे आलेच नाहीत असे नाही. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी हा प्रवासी घाटाखाली चौलला येऊन गेला आणि तिथल्या मुसलमानांच्या मोठ्या वस्तीबद्दल त्याने लिहून ठेवले. ते आले, राहिले, इथल्या घरांत लग्ने केली, मासळीचे कालवण खाल्ले आणि कोकणी बोलू लागले.

पण त्या मुलाला यातले काय सांगायचे? “तू बाहेरचा नाहीस” म्हणून कागद दाखवायचा? कागद तर आमच्याकडेही आहे, अब्बांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्मस्थळ लोणावळे. पण कागद दाखवणे म्हणजे समोरच्याचा प्रश्न मान्य करणे. आम्हाला प्रश्नच मोठा करून पाहायचा होता. बाहेरून म्हणजे कुठून? आत म्हणजे कधीपासून?

त्या रविवारी मेलबर्नहून धाकट्या भावाचा फोन आला. तो तिथे नोकरीला गेला त्याला बरीच वर्षे झाली. भाचीचा जन्म तिथलाच. तिची मराठी इंग्रजी वळणाची आणि उर्दू ‘सलाम फुफी’ एवढीच, पण बोलते फार. आम्ही सहज म्हटले, आज शाळेत काय केलेस? म्हणाली, सभा होती, सुरुवातीला नेहमीसारखे म्हटले की ही जमीन वुरुंजेरी लोकांची आहे आणि आम्ही त्यांच्या वडीलधाऱ्यांना मान देतो. आम्ही थक्क झालो. रोज म्हणता? “रोज नाही फुफी, सभेला. ते लोक इथे पहिल्यांदा आले. साठ हजार वर्षांपूर्वी!” मग मागून भाऊ हसत म्हणाला, “आपा, इथे आम्हीच बाहेरचे, आणि ज्यांनी आम्हाला व्हिसा दिला तेही बाहेरचेच.”

तिथून आम्ही वाचू लागलो. रात्री भांडी आवरून, मुले झोपल्यावर.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला माजेदबेबे नावाचा एक खडकाचा आडोसा आहे. तिथे घासून धार लावलेल्या कुऱ्हाडी आणि गेरू मिळाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे वय सुमारे ६५ हजार वर्षे निघाले. काही अभ्यासकांना ते जास्त वाटते, ते ५० हजारांच्या आसपास थांबतात. आपण भांडणात पडायला नको, कारण ५० हजार धरले तरी चक्कर येते. त्या वेळी पृथ्वीवर बर्फ जास्त होते, म्हणून समुद्र आजच्यापेक्षा कितीतरी खाली होता. जावा, सुमात्रा, बोर्निओ ही बेटे आशियाला जोडलेली होती आणि न्यू गिनी व टास्मानिया ऑस्ट्रेलियाला. तरीही दोहोंच्या मध्ये खोल पाणी उरतेच. कोणत्याही वाटेने गेले तरी एका टप्प्यावर साधारण ९० किलोमीटर उघडा समुद्र ओलांडावा लागतो. लोणावळा ते पनवेलहून जास्त, आणि मध्ये थांबायला खोपोली नाही.

कशावरून गेले? तराफ्यांवरून असावेत, बांबूच्या. त्या तराफ्यांची एक काडीही उरलेली नाही. पण एखाददुसरा माणूस वाहत जाऊन खंड वसत नाही. बाया हव्यात, लेकरे हवीत, म्हाताऱ्या हव्यात. कोणीतरी पोटुशी बाई त्या तराफ्यावर चढली असेल, कोणीतरी पाण्याचा भोपळा विसरलो म्हणून ओरडले असेल. इतिहासाच्या पुस्तकात ‘मानवाचे स्थलांतर’ असे दोन शब्द असतात. एका घराचे सामान हलवताना काय होते ते आपण बायका जाणतो.

त्या खंडाच्या आग्नेय भागात मुंगो नावाचे एक कोरडे सरोवर आहे. १९६८ मध्ये जिम बोलर या भूगर्भशास्त्रज्ञाला तिथल्या वाळूत एका बाईच्या जळालेल्या अस्थी दिसल्या. पुढे १९७४ मध्ये त्याच भागात एका पुरुषाचा सांगाडा मिळाला, अंगावर गेरू शिंपडून पुरलेला. दोघेही सुमारे ४० ते ४२ हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे इतक्या पूर्वीही माणूस आपल्या माणसाला असेच टाकून देत नव्हता. अस्थी अभ्यासासाठी विद्यापीठात गेल्या आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी त्या परत मागितल्या. बाईच्या १९९२ मध्ये आणि पुरुषाच्या २०१७ मध्ये परत मिळाल्या. हे वाचून आम्ही फार वेळ बसून होतो. मातीला माती परत मिळावी, यासाठी किती वर्षे भांडावे लागते.

आणि इंग्रजांनी १७८८ मध्ये तिथे वसाहत केली ती कशाच्या जोरावर? ही जमीन कोणाचीच नाही, या समजुतीवर. समोर माणसे उभी असताना! ती समजूत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोडली, तीही १९९२ मध्ये. त्या इंग्रजांच्या आधी सुलावेसी बेटावरच्या मकासरचे मुसलमान कोळी दरवर्षी वाऱ्याबरोबर त्या उत्तर किनाऱ्यावर यायचे, समुद्रकाकडी गोळा करायचे, वाळवायचे आणि वारा फिरला की परत जायचे. जमीन मागितली नाही. त्यांच्याकडून तिथल्या योलंगू लोकांनी पैशाला ‘रुपिया’ हा शब्द घेतला. भावाला हे फोनवर सांगितले तर म्हणाला, “आपा, इतकी वर्षं इथे आहे, मला कोणी सांगितलं नाही.”

पण ते पहिले लोक ऑस्ट्रेलियाला पोहोचले कुठून? इथून. निदान इथून जवळून. आफ्रिकेतून निघालेल्या ज्या टोळ्यांपासून आपण सगळे आलो, त्या ५० ते ७० हजार वर्षांपूर्वी बाहेर पडल्या, असे आज मानतात. त्याआधीही काही जण निघाले होते. सौदी अरेबियाच्या नफूद वाळवंटात एका माणसाच्या बोटाचे हाड मिळाले, ते किमान ८५ हजार वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथे गवत आणि तळी होती. आफ्रिका आणि अरबस्तानाच्या मध्ये जी अरुंद सामुद्रधुनी आहे, तिचे नाव बाब-अल-मंदब. बाब म्हणजे दार, हे उर्दू शिकणारे पोरही सांगेल, कारण पुस्तकातल्या प्रकरणाला आपण बाबच म्हणतो. मंदबमध्ये शोक आहे, रडणे आहे. शोकाचे दार. नाव नंतरच्या खलाशांनी दिले, बुडालेल्या जहाजांवरून. पण माणसाच्या प्रवासाच्या पुस्तकाचा हाही एक बाब, असे आम्हाला वाटून गेले. तिथून अरबस्तान, मग भारत, मग पूर्वेकडे. मदुराईजवळच्या एका गावातल्या माणसाच्या रक्तात पुरुषांकडून पुरुषांकडे जाणारी अशी एक जुनी खूण मिळाली, की तिची भाऊबंदकी थेट ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत निघते. मदुराईच्या कामराज विद्यापीठातल्या पिचप्पन यांचे हे काम.

आमच्या पुणे जिल्ह्यातही एक साक्षीदार आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव. तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सोबतीने दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९८०च्या दशकात तिथे काम केले. ती राख कधीची यावर विद्वानांत चांगलीच जुंपली. एका मापाने १४ लाख वर्षे, दुसऱ्या मापाने ६ लाख ७० हजार. काहींचे म्हणणे, ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची शेवटची राख, ७४ हजार वर्षांपूर्वीची. तीन हजारांहून जास्त किलोमीटरवर डोंगर फुटला आणि राख जुन्नरात पडली! आंध्र प्रदेशातल्या ज्वालापुरमला त्या टोबाच्या राखेच्या खालीही दगडी हत्यारे मिळाली आणि वरही. म्हणजे आकाशातून राख पडली, तरी तिथले राहणारे सगळे संपले नाहीत.

अम्मी हे सगळे ऐकत होती. शेवटी तिने विचारले, “हे हजरत आदम अलैहिस्सलाम यांच्या आधीचं की नंतरचं?” आम्हाला हा प्रश्न येणार हे ठाऊक होते, आणि वाचकांच्या घरीही तो येईल. आम्ही अम्मीला म्हटले, हातकुऱ्हाडी करणारे ते जुने जीव आपल्यासारखे नव्हते, असे शास्त्रज्ञ म्हणतात. बाकी दीनची गोष्ट आणि खोदकामाची गोष्ट आम्ही एका तागडीत घालत नाही, दोन्हींची वजने वेगळी. अम्मी क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “पण रिवायत आहे ना, जन्नतमधून ते सरणदीपला उतरले. म्हणजे आपल्याच बाजूला.” सरणदीप म्हणजे श्रीलंका. खुलताबादेत ज्यांची कबर आहे, त्या गुलाम अली आझाद बिलग्रामींनी अडीचशे वर्षांपूर्वी अरबीत ‘सुबहतुल मरजान’ लिहिले. त्यात हिंदुस्थानची थोरवी सांगताना त्यांनी याच रिवायतींचा आधार घेतला आहे. अम्मीने ते पुस्तक पाहिलेले नाही. तिला ते तिच्या नानीने सांगितले होते. नान्यांचे संदर्भ असे पक्के असतात.

ऑगस्टात पाचवीचा दगडी हत्यारांचा धडा आला आणि आमच्या अंगात आले. मुलांना सांगितले, नदीकाठी फिरताना धारदार दगड दिसला तर आणा. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग! इंद्रायणीच्या काठचे, पवनेच्या काठचे, एक तर घराच्या पायातला. त्यातले चार आम्हाला अगदी अस्सल वाटले. रुमालात बांधून लोकलने पुण्याला गेलो आणि एका जाणकारांना दाखवले. त्यांनी चारही दगड हातात फिरवले आणि फार मृदू आवाजात सांगितले, “बाई, ही खडी आहे.” एक्सप्रेस-वेच्या किंवा अशाच कशाच्या तरी कामाची, सुरुंगाने उडालेली. मग त्यांनी नीट समजावले. माणसाने मुद्दाम घडवलेल्या दगडावर टवके ओळीने काढलेले असतात, एका कडेने, मग उलटवून दुसऱ्या कडेने. जिथे घाव बसला तिथे टवक्याला पोटासारखा फुगवटा येतो. सुरुंग असा विचार करत नाही. परतीच्या लोकलमध्ये आम्हाला हसू येत होते आणि थोडी लाजही. पण खडी आम्ही फेकली नाही. वर्गात तीही दाखवली, हे काय नाही ते कळायला.

त्या भेटीत एक नाव मात्र मिळाले, ते वाचकांना सांगितलेच पाहिजे. महाराष्ट्राचा प्राचीन काळ खणून काढणारे हसमुख सांकलिया अनेकांना माहीत असतात. १९५४ ते ५६ मध्ये त्यांनी नेवाशाला प्रवरेकाठी मोठे उत्खनन केले. अहवालावर त्यांच्यासोबत शां. भा. देव आणि झेड. डी. अन्सारी यांची नावे आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून १९८३ पर्यंत जे खोदकाम झाले, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे अख्खे गाव जिथे वर आले, त्याच्या अहवालावर ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी. आमच्या मराठी घरांची सगळ्यात जुनी चूल शोधणाऱ्यांत एक अन्सारी होते. आम्ही बीएड केले, इतकी वर्षे इतिहास शिकवतो, आणि हे नाव आम्हाला पंचेचाळिशीत कळले.

मुलांना सर्वांत जास्त आवडले ते जळगाव जिल्ह्यातले पाटणे. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी केले जात. शहामृग, खानदेशात! मुलींनी लगेच विचारले, भोक कशाने पाडायचे? दोरा कसला? एकही मुलगा हे विचारायला उठला नाही, हे आम्ही नोंदवून ठेवतो.

सप्टेंबरात सहल कार्ल्याला नेली. एकवीरेच्या दर्शनाला मुंबईहून आलेल्या कोळी बायांच्या रांगेशेजारून आमची रांग चैत्यात गेली. खांबांवर ब्राह्मी लेख आहेत, दान देणाऱ्यांचे. त्यांत बरेच ‘यवन’ आहेत, धेनुकाकट नावाच्या गावचे. काहींची नावे तर अगदी इथल्या वळणाची. यवन म्हणजे मूळचे ग्रीक, पुढे पश्चिमेकडून आलेला कोणीही. आमच्या त्या मुलाने हा शब्द आधी ऐकला होता, वेगळ्या सुरात. मराठीत पुढे तो आपल्यासाठीच वापरला गेला. त्याने खांबाला हात लावून विचारले, “यवनांनी हा खांब दिला?” आम्ही म्हटले, हो. “बाहेरून येऊन?” हो. तो खांबाभोवती एक फेरी मारून आला. चैत्याची मोठी कमान, ती लाकडाची, दोन हजार वर्षे टिकलेली. पण त्याला तो खांबच पाहायचा होता.

मग दिवाळीच्या आधी आम्ही दोरीचा तास घेतला. दिवाळीनंतर नको, कारण वर्गात एक कातकरी मुलगी आहे आणि दिवाळी झाली की तिचे आईवडील वीटभट्टीवर जातात, तिलाही जावे लागते. तिच्या पत्रिकेत मूळ गावाच्या रकान्यात काय होते ते आम्ही जूनमध्ये पाहिलेच नव्हते. नंतर पाहिले. तिथे तिने ‘पाडा’ असे लिहिले होते. नुसते पाडा.

शिपाई मामांकडून ताडपत्रीची दोरी मागून घेतली, तिला आणखी दोन जोडल्या. एक मीटर म्हणजे एक हजार वर्षे. एक सेंटिमीटर म्हणजे दहा, म्हणजे पाचवीतला एक मुलगा. आम्ही साडेचार सेंटिमीटर, अम्मी सात. बोरघाटाची रेल्वे १६ सेंटिमीटरवर, एका वितीच्याही आत. अल-मसूदीचे चौल एक मीटर दहावर. कार्ल्याचा खांब दोन मीटरच्या आसपास. इनामगाव साडेतीन मीटरवर. प्रत्येक ठिकाणी गाठ मारली आणि गाठीपाशी एक मूल उभे केले. इथपर्यंत सगळे व्हरांड्यातच! मुलांनी मागे वळून पाहिले आणि पुढे दोरीचे वेटोळे पाहिले, तेव्हा त्यांचे डोळे मोठे झाले.

पाटणे २५ मीटरवर, झेंड्याच्या कट्ट्यापलीकडे. मुंगोची ती बाई ४२ वर, नळाच्या टाकीपाशी. मैदान ५६ मीटरला संपले. मग फाटक उघडून आम्ही बाहेर गेलो, आणि ऑस्ट्रेलियाला पोहोचलेले ते पहिले लोक ६५ वर वडापावच्या गाडीशेजारी आले. टोबा ७४ वर, विजेच्या खांबाला. पुढे दोरी नव्हती. मोरोक्कोत मिळालेली आपल्या जातीच्या माणसाची सर्वांत जुनी हाडे ३०० मीटरवर, म्हणजे नाक्यापर्यंत. बोरीच्या राखेचे मोठे माप घेतले तर त्याच्याही कितीतरी पलीकडे. “आणि हा आपला काळा दगड?” एकाने पायाने खडक ठोकून विचारले. तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा. हिशेब मुलांनीच केला, ६६ किलोमीटर. लोणावळा ते पुणे स्टेशन रेल्वेने ६४. दोरी स्टेशनाबाहेर रिक्षास्टँडपर्यंत जाईल, असे ठरले.

इथे आमची एक चूक झाली. ६५च्या गाठीपाशी कोणाला उभे करायचे हे ठरवताना आम्ही सहज त्या कातकरी मुलीचा हात धरून फाटकाबाहेर निघालो. आदिवासी, म्हणजे पहिले, म्हणजे जुन्या टोकाला. आमच्या डोक्यात असेच आले असणार. ती दोनचार पावले आली आणि थांबली. म्हणाली, “मॅडम, तिकडं मी एकलीच का? बाकीच्यांचे आजे नव्हते का तवा?”

आम्ही हात सोडला. खरेच, त्या टोकाला कोण नव्हते? तिचा होता, आमचा होता, रिक्षातल्या त्या मुलाचाही होता. नसता तर आज कोण असते इथे? आम्ही सगळ्या वर्गाला गाठी सोडून विजेच्या खांबापाशी बोलावले. वडापाववाल्याने गाडी थोडी सरकवून दिली. मग सगळे एकदम दोरीच्या बाजूने चालत आत आले, फाटक, टाकी, कट्टा, पायऱ्या. कोणी कोणाच्या पुढे, कोणी मागे, एक जण चप्पल तुटली म्हणून पाटण्यापाशी थांबला. व्हरांड्यात येईपर्यंत शेवटच्या दोन मीटरमध्ये इतकी गर्दी झाली की कोणाचा पाय कुठल्या गाठीवर आहे हे दिसेना. आमचा तो मुलगा अल-मसूदी आणि रेल्वे यांच्या मध्ये अडकला होता आणि हसत होता.

तेवढ्यात लोणावळ्याचा पाऊस आला, परतीचा, मोठ्या थेंबांचा. मामा ओरडत आले, ताडपत्री उडते आहे, दोरी द्या. मुले गाठी सोडायला बसली. भिजलेल्या दोरीच्या गाठी लवकर सुटत नाहीत. बऱ्याचशा दातांनी सोडवल्या. मीटरभर अंतरावरच्या दोन सुटल्याच नाहीत, तशाच राहिल्या. मामा म्हणाले, राहू द्या बाई, गाठ असली तर दोरी हातातून निसटत नाही. आणि त्यांनी ती ताडपत्रीवर ओढून बांधली.